बोटे वीस

वेळेआधी निवृत्त होणे हा कष्टकरी माणसाच्या आयुष्यातला सर्वांत स्वतंत्र निर्णय असतो. नोकरी मिळणे दुसऱ्याच्या हाती असते, ती टिकणे नशिबाच्या हाती. ती आपण होऊन सोडणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती असते.

हे वाक्य माझे आहे. आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनांनी ते निरोप समारंभांतून निदान तीस वेळा उच्चारले, आणि प्रत्येक वेळी त्याआधी क्षणभर थांबून, जणू ते त्यांना आत्ताच सुचते आहे. मी तिथे आस्थापना विभागात कारकून होतो. भाषणे लिहिणे हे माझे काम नव्हते. पण वाचनालयातून पुस्तक नेऊन ते वाचूनही परत करणारा कारकून मी एकटाच होतो, त्यामुळे ते माझ्याकडे आले. माझे खरे काम फायलींचे. कोण कधी लागला, कोणाच्या घरी कोण आहे, कोण कधी आणि का सोडून गेला, हे लिहून ठेवायचे. 'का' या रकान्यात मी, एक अपवाद सोडला तर, तेवीस वर्षे दोनच उत्तरे लिहिली: 'घरगुती अडचण' आणि 'प्रकृती अस्वास्थ्य'. दोन्ही बहुतेक वेळा खोटी असत.

बाहेरच्या माणसाला वाटते, माणूस थकला की निवृत्त होतो. आमच्याकडे थकलेली माणसे साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत चिकटून राहत आणि धडधाकट माणसे पन्नाशीत अर्ज घेऊन येत. कारण एका नियमात होते. कामगार डॉक्टरी तपासणीत अपात्र ठरून वेळेआधी निवृत्त झाला, तर त्याच्या घरातल्या एका वारसाला कारखान्यात घ्यायचे. अट एवढीच, की संचालक मंडळाचा ठराव होईल त्या दिवशी वारसाला पंचवीस पुरी झालेली नसावीत. नुसता राजीनामा दिला तर काही नाही. म्हणजे बाप आजारी हवा आणि तो वेळेवर आजारी पडायला हवा.

यातून दोन जातीचे लोक तयार झाले. ज्यांचे पोर पंचविशीला टेकले होते ते आजारी दिसायची धडपड करत. ज्यांना अजून नोकरी टिकवायची होती ते खरा आजार लपवत, कारण आजाराची नोंद झाली की माणसाला वरच्या खात्यातून काढून उसाच्या यार्डात खालच्या श्रेणीवर पाठवत. वजनकाट्यावरच्या एका गृहस्थांनी आपल्याला दिसत नाही असा अर्ज केला. डॉक्टरांनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला तेव्हा ते म्हणाले, तक्ता सोडा, भिंतही दिसत नाही. मग बाहेर येऊन सायकलवर बसले आणि नगर-मनमाड रस्त्यावरच्या ट्रका चुकवत कोल्हारला गेले. डॉक्टर खिडकीतून बघत होते. अर्ज मंजूर झाला; एक संचालक त्या गृहस्थांचे साडू होते. उलट गंधकाच्या भट्टीवरचा एक दमेकरी तपासणीच्या दिवशी सकाळपासून तोंड उघडत नसे, कारण बोलले की खोकल्याची उबळ येई. त्याच्या कार्डावर 'स्वभाव शांत' असा शेरा आहे. तो दोन हंगामांनी गेला, तोही शांतपणे.

हे डॉक्टर तरुण होते, पुण्याहून आलेले, आणि प्रामाणिक. साडूच्या प्रकरणानंतर त्यांनी मनाशी ठरवले होते, की आता एकही खोटा अर्ज आपल्या सहीने जाणार नाही. प्रामाणिक माणसाने एकदा फसवून घेतले की तो फार कडक होतो. त्यांच्या हाती छापील फॉर्म असे. त्यात उंची, वजन, छाती, दृष्टी, श्रवण आणि शेवटून दुसरा रकाना: 'हातापायांची बोटे'. कोणी कधी आणि कशासाठी तो घातला माहीत नाही. डॉक्टर तिथे 'वीस' लिहीत आणि सही करत.

आता रंभाजी. रंभाजी मूळचा पाथर्डीकडचा. कारखाना निघाला तेव्हा तिकडच्या टोळीबरोबर ऊस तोडायला आला आणि इथेच राहिला. आधी यार्डात, मग वर साखरेच्या खात्यात हेल्पर, आणि दहाएक वर्षांत पॅनमन. पॅन म्हणजे दोन माणसे उंच बंद कढई. तिच्यात उसाचा पाक आटवत नेतात, पाकात साखरेचा दाणा धरतो, तो वाढवतात आणि नेमक्या वेळी खाली सोडतात. लवकर सोडला तर दाणा बारीक राहतो, उशीर झाला तर सगळे गोठून बसते. ती वेळ सांगणारी यंत्रे होती. पण आमचे चीफ केमिस्टसुद्धा काट्याकडे बघून झाले की पॅनमनच्या तोंडाकडे बघत. पॅनमन सळईने पाकाचा नमुना काढतो, काचेवर घेऊन दाणा बघतो आणि थेंबभर पाक अंगठा आणि तर्जनी यांत धरून बोटे उघडतो-मिटतो. पाकाची तार किती लांब जाते, तुटताना कशी ओढ लागते, ते बोटांना कळते. रंभाजीच्या बोटांना ते असे कळायचे, की तिन्ही पाळ्यांचे पॅनमन अडले की त्याला वसाहतीतून बोलावून आणत.

तो नोकरीला लागला तेव्हा त्याचे कुटुंबकार्ड मीच भरले होते. बायको, आणि एक मुलगी, कौसा. जन्मतारीख विचारली तर म्हणाला, बाजरी काढणीला आली हुती तवा. साल त्याने एका मोठ्या पुराच्या हिशोबाने सांगितले. मी साल लिहिले आणि पुढे 'एक जून' लिहिले. तारीख माहीत नसली की एक जून लिहायची ही शाळामास्तरांची पद्धत, तीच आमची. आमच्या वसाहतीत एक जूनला जेवढी माणसे जन्मली तेवढी उरलेल्या वर्षात मिळून जन्मली नसतील. बाजरी जूनमध्ये पेरायची असते, काढायची नसते, हे मला माहीत होते. पण रकान्यात बाजरी मावत नाही.

अडुसष्टच्या सुमाराला रंभाजीला मधुमेह निघाला. साखर कारखान्यात मधुमेह, हा विनोद प्रत्येकाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असे वाटते, म्हणून तो इथे करत नाही. नगरच्या एका खाजगी डॉक्टरने सांगितले ते त्याने फक्त मला सांगितले. नोंद झाली असती तर पॅन सुटला असता. तेव्हा दर हंगामाच्या सुरुवातीला फॉर्मवर 'काही तक्रार आहे काय?' या प्रश्नापुढे मी माझ्या वळणदार अक्षरात 'नाही' लिहून ठेवी आणि मगच तो फॉर्म डॉक्टरांकडे पाठवी. असे चार हंगाम. मला वाटायचे, मी मैत्री निभावतो आहे.

एकाहत्तरच्या हंगामात खालचे हेल्पर हसू लागले, की रंभाजी आता पाक चाटतो. मी वर गेलो तेव्हा पाहिले. काचेवरचा पाक बोटात धरायचा, बोटे उघडायची, आणि मग तेच बोट खालच्या ओठाला लावून पुन्हा ओढायचे. जेवणाच्या सुट्टीत मी विचारले. तो तंबाखू मळत होता.

"बोटं मेलीत, भाऊसाहेब," तो म्हणाला. "तार लागत न्हाई. व्हटाला लागती अजून."

त्याच वर्षी कौसा नवऱ्याने टाकून परत आली. रंभाजीची बायको त्याआधीच वारली होती. बहात्तरला पाऊस गेला. भंडारदऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या लांबल्या, उभे ऊस वाळले, आणि कौसा वसाहतीतल्या बायकांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्या वेळी आमच्या दवाखान्यात आयाची एक जागा निघाली. नियमात वारस म्हटले होते, मुलगा म्हटले नव्हते. हे मी तीन वेळा वाचून खात्री केली. रंभाजी सोडेल, कौसा लागेल, क्वार्टर राहील, आणि ओठही मरायच्या आत तो पॅनपासून दूर होईल. कार्डाप्रमाणे कौसाला पंचवीस पुरी व्हायला पुढच्या एक जूनपर्यंत अवकाश होता. दिवाळीनंतर मी त्याचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा खरे लिहिले: 'मधुमेहामुळे दोन्ही हातांची बोटे बधिर.'

डॉक्टरांनी फाईल मागवली. चार वर्षे 'तक्रार नाही, तक्रार नाही, तक्रार नाही, तक्रार नाही'. आणि मुलगी पंचविशीला आल्याबरोबर तक्रार. त्यांनी लघवी तपासली, मधुमेह खरा निघाला. त्यावर ते म्हणाले, मधुमेह अर्ध्या संचालक मंडळाला आहे, म्हणून ते काम सोडत नाहीत. डोळे मिटायला सांगून त्यांनी सुई टोचली. रंभाजी म्हणाला, काही कळत नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, असे तर मीही म्हणू शकतो. त्या 'नाही' माझ्या आहेत, हे मी तेव्हा सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, मग तुमच्या आजच्या 'हो'वर मी कशाला विश्वास ठेवू?

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. मी स्वतः वर येऊन बघतो, म्हणाले. बोटांना कळत नसेल तर पॅन बिघडेल. बिघडला तर मी अपात्र लिहीन.

ही संधी होती. आदल्या दिवशी मी रंभाजीच्या क्वार्टरवर गेलो आणि सांगितले, उद्या एक पॅन बिघडू द्या. फार नाही, जरा उशिरा सोडा.

"आन् त्यातली साखर?"

"परत वितळवतील. वाया काही जात नाही."

"यंदा ऊस कुठं हाय एवढा," तो म्हणाला. "मानसांनी सोता पानी न पिता जगवलाय त्यो."

कौसा चुलीपाशी बसून हाताच्या फोडांना चिंध्या बांधत होती. ती वर न बघता म्हणाली, "आप्पा, एक डाव बिघडला तर काय कारखाना बुडतोय?" रंभाजी म्हणाला, बघू. आणि थोड्या वेळाने म्हणाला, बरं, बिघडवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर, चीफ केमिस्ट आणि मी पॅनच्या मजल्यावर उभे होतो. रंभाजीने नमुना काढला. काचेवर दाणा पाहिला. बोटांत पाक धरला, बोटे उघडली, मिटली, आणि हात खाली घेतला. मला बरे वाटले. पाच मिनिटे गेली. पुन्हा नमुना, पुन्हा हात खाली. केमिस्ट घड्याळाकडे बघू लागले. आता उशीर होतच आला होता. आणखी दोन मिनिटे तो तसाच उभा राहिला असता तर कौसा दवाखान्यात आया झाली असती. तेवढ्यात त्याने तिसरा नमुना काढला, आणि त्याचा हात ओठाकडे गेला. क्षणभर तिथे थांबला. मग त्याने मागे न बघता खालच्या माणसाला इशारा केला आणि पॅन सुटला.

दाणा इतका एकसारखा होता, की केमिस्टनी तो मुठीत घेऊन डॉक्टरांना दाखवला आणि म्हणाले, यंदाच्या हंगामात असा पहिलाच. मी डॉक्टरांना सांगितले, की तो बोटांनी नाही, ओठाने बघतो. डॉक्टरांनी विचार केला आणि म्हणाले, म्हणजे काम करू शकतो. याच्यात चूक काढता येत नव्हती. फॉर्मवर त्यांनी लिहिले: 'कामात कसूर नाही. बोटे वीस. पात्र.'

जिना उतरताना रंभाजी माझ्या मागे होता. "ठरवून आल्तो भाऊसाहेब," तो म्हणाला. "हात वर गेला." घरी कौसाला त्याने काय सांगितले मला माहीत नाही. ती आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती, असे शेजारणीने सांगितले.

त्या वर्षी ऊस कमी, म्हणून हंगाम लवकर आटोपायचा होता. संपायला दहा-बारा दिवस राहिले असताना पॅनच्या काचेतून आत बघताना रंभाजीने उजवा हात शेजारच्या वाफेच्या नळावर टेकला. नळाचे वेष्टण तिथे निघाले होते. ते बसवायचे काम हंगामानंतरच्या दुरुस्तीत धरले होते. हात किती वेळ टेकलेला होता कोणालाच माहीत नाही. त्याचा हेल्पर मला नंतर सांगत होता, की रंभाजीनेच त्याला विचारले, "कशाचा रं वास येतोय?"

जखम भरली नाही. नगरच्या दवाखान्यात आधी तर्जनी काढली आणि तीन आठवड्यांनी मधले बोट. मे महिन्याच्या सुरुवातीला तो परत आला तेव्हा मी नवा अर्ज लिहून ठेवला होता. डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवले, जे ते सहसा करत नसत, आणि सगळा फॉर्म स्वतः भरला. 'बोटे: अठरा. अपात्र.' माझ्याकडे कागद देताना म्हणाले, आता कोणी हरकत घेणार नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. मीही त्यांच्याकडे बघत नव्हतो.

संचालक मंडळाची सभा मेच्या शेवटच्या आठवड्यात होती. एक जूनच्या आत. ती झाली नाही, कारण त्याच दिवशी दुष्काळाची पाहणी करायला एक मंत्री आले आणि सगळे संचालक हार घेऊन पाझर तलावाच्या कामावर गेले. खडी फोडणाऱ्या बायकांना रांगेत उभे केले होते. कौसा त्यांत असणार. स्वागताचे भाषण मीच लिहिले होते. त्यात बळीराजाच्या धैर्यावर एक परिच्छेद होता. तो चांगला उतरला होता.

सभा जूनच्या मध्याला झाली. मी आत जाऊन सांगितले, की ती तारीख मी मनाने लिहिली आहे, मुलगी बाजरीच्या काढणीची आहे, म्हणजे तिला अजून तीन-चार महिने आहेत. डॉक्टरही बोलावले नसताना आले आणि बोलले. चेअरमन सौम्यपणे म्हणाले, भाऊसाहेब, तुमचेच अक्षर आहे ना? गावच्या दप्तरात जन्माची नोंद नव्हती. ठराव असा झाला: अर्ज सहानुभूतिपूर्वक मंजूर; वारसाचे वय नियमात बसत नसल्याने तेवढा भाग खेदपूर्वक अमान्य. मसुदा माझाच. 'खेदपूर्वक' हा शब्द मी घातला होता.

कौसा दुसऱ्या दिवशी कचेरीत आली, कामावरून तशीच, केसांत दगडाची भुकटी.

"माझा जन्म कवाचा ते आप्पानं सांगितलं व्हतं का तुमाला?"

मी म्हटले, सांगितले होते.

"मग एक जून कुनी सांगितलं?"

मी म्हटले, कोणी नाही. माहीत नसले की तसे लिहितात. ती थोडी हसली.

"सगळ्यांचं तसंच लिवता? मग सगळी एकाच दिशी म्हातारी व्हत्याल की."

माझ्या टेबलावरचा कुटुंबकार्डांचा गठ्ठा तिने एकदा पाहिला आणि ती गेली. आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते.

निरोप समारंभात चेअरमनांनी ते वाक्य म्हटले. क्षणभर थांबले, आणि म्हटले. 'ज्याच्या त्याच्या हाती' इथे टाळ्या पडल्या. रंभाजीने शाल डाव्या हाताने घेतली. उजवा त्याने धोतराच्या सोग्यात ठेवला होता. महिन्याभरात त्याने क्वार्टर रिकामे केले आणि बापलेक पाथर्डीकडे गेले. डॉक्टर त्याच वर्षी नोकरी सोडून गेले. त्यांचे वय तिशीच्या आत होते. त्यांच्या कारणाच्या रकान्यात मी 'घरगुती अडचण' लिहिले.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. हंगाम सुरू झाला, चेअरमनांनी पूजा करून पहिली मोळी टाकली, आणि चार-सहा दिवसांनी मी एका कामासाठी यार्डात गेलो. पूर्वेकडच्या टोळ्यांच्या बैलगाड्या रांगेत उभ्या होत्या. एका गाडीवर कौसा कासरा धरून बसली होती. खाली रंभाजी चाकाला दगड लावत होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात; ती तोडते किंवा तो, दुसरा मोळ्या बांधतो. मुकादमाने या बापलेकींना एक कोयता धरले होते. कौसा तोडायची, रंभाजी मोळ्या बांधायचा. वीस वर्षांपूर्वी तो जिथून वर गेला होता, ते ठिकाण त्या गाडीपासून पन्नास पावलांवर होते.

मला बघून त्याने राम राम केला. मी विचारले, मोळी बांधता येते का.

"दातानं वडतो," तो म्हणाला. "दात हायेत अजून."

वर पॅनच्या मजल्यावर त्या दिवशी काहीतरी अडले होते. तिथला हेल्पर कठड्यावरून वाकून कोणाला तरी हाका मारत होता. रंभाजीने एकदा तिकडे मान वर करून पाहिले. मग गाडी पुढे सरकली.

कचेरीत परत येऊन मी नियम काढून पाहिले. टोळीचे मजूर मुकादमाचे असतात, कारखान्याचे नसतात. त्यांना निवृत्ती नाही, वारस नाही आणि डॉक्टरी तपासणीही नाही. त्यामुळे त्यांची बोटे मोजावी लागत नाहीत.